नकाराचे फोन

कॅनडातल्या ब्रॉसार्डमधल्या लॅटिन अमेरिकन मुलांना स्कॉलरशिप देणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेच्या त्या अध्यक्ष. मूळच्या कोलंबियाच्या, सत्तरीच्या. निवडलेल्यांना मी ईमेल करतो; नाकारलेल्यांना त्या स्वतः फोन करतात, तोही उभं राहून.

"नकार बसून देऊ नये," म्हणतात.

मला स्पॅनिश येत नाही, पण प्रत्येक फोनच्या शेवटचे त्यांचे दोन शब्द पाठ झालेत. 'प्रोक्सिमो आन्यो.' पुढच्या वर्षी.

यंदा संस्था बंद करायचं ठरलं, सगळेच अर्ज नाकारले. त्यांनी एकेक फोन उभ्यानं केला. ते दोन शब्द कुणालाच म्हणाल्या नाहीत.

शेवटच्या फोनवर पलीकडची मुलगी रडायला लागली. त्या खुर्ची ओढून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "प्रोक्सिमो आन्यो."