वडनेरच्या भजनाचं रेकॉर्डिंग

कला अमर असते. आमच्या भागात तिला अमर ठेवायचं काम आष्टी-कारंजा एसटीतला एक प्रवासी करायचा, शेजारी बसलेल्याचा मोबाईल मागून घेऊन. गावोगाव फिरणाऱ्या एका बुवांच्या खंजिरी भजन मंडळामागे तो वर्षानुवर्षं हिंडला होता. गावोगावचे कार्यक्रम त्याने मोबाईलवर उतरवले होते आणि भेटेल त्याला तो ते फुकट पाठवायचा.

एकदा तो माझ्याच शेजारी बसला. मी विचारलं, "सगळ्यांना का वाटता?"

"बुवाचा गळा गेला न भाऊ, मंडळ बंद पडलं. माह्या एकट्याजवळ ठेवलं अन् मोबाईल बिघडला, त बुवाच खतम! एकच भजन दोन गावात सारखं म्हनेच नाई तो मानूस. तुमाले वडनेरचं देतो. डिलीट नका करजा."

फाइल जाईपर्यंत त्याने दोन्ही मोबाईल एकमेकांना चिकटवून धरले. खड्डा आला की आणखी घट्ट.

घरी येऊन ऐकलं. मोबाईल तोंडाजवळ धरून तो स्वतःच पहिल्या ओळीपासून गात होता, जीव तोडून आणि बेसूर. मी ते अजून डिलीट केलेलं नाही. भजनाच्या मध्येच कुणीतरी त्याला तंबाखूचा खर्रा देतं. खर्रा तोंडात असतो तेवढा वेळ बुवा ऐकू येतात.