चंद्राचं खळं

मोतीबिंदू काढला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात सगळ्यात तेज नजर माझीच, असं मी सर्वांना ऐकवत आलोय.

काल तिन्हीसांजेला गच्चीवरून चंद्राभोवती खळं दिसलं. खळं म्हणजे पाऊस. मी बायकोला हाक मारली, “कुरडया आत घे, भिजतील.”

तिने वर येऊन आभाळ बघितलं. “कुठाय खळं? परवाही असंच पळवलंत मला.” मग हळूच म्हणाली, “अहो, त्या खांबावरच्या दिव्याभोवतीही दिसतंय का?”

दिसत होतं. शेजारच्या जिन्यातल्या दिव्यालाही होतं. आभाळात काय आणि डोळ्यांत काय, हेही शेवटी डोळ्यांनाच विचारायचं.

“तुला नाही कळायचं,” म्हणत मी स्वच्छ आभाळाखाली कुरडया गोळा करत राहिलो. तीही शेजारी वाकली.