नाक्यावरचा उखाणा

आमच्या घरातली बंदूक माझ्या नावावर होती, हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग हातांकडं. हात भाकरी थापणारे, खुरपं धरणारे. त्यामुळं ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि मलाही पुढचं सांगायची हौस राहत नाही.

बंदूक मूळची माझ्या नवऱ्याची. एकनळी, बारा बोअरची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. सेनगाव तालुक्यातलं आमचं शेत गायरानाला लागून आहे. रानडुकरांचा कळप शिरला की भुईमुगात नांगर फिरवल्यासारखं करून जातो. ह्यांनी आयुष्यात एकही जनावर मारलं नाही. हवेत एक बार काढायचा, डुकरं पळायची, एवढंच त्या बंदुकीचं काम.

दिवस कलला की मी शेतावर चहा घेऊन जायची. हे मुद्दाम पार पलीकडच्या धुऱ्यावर, बांधाच्या टोकाला, जाऊन उभे राहायचे. मी इकडून ओरडायची, "अवं, ऐकलं का? चहा निवून राहिला." हे ढिम्म. दोनतीनदा ओरडलं की तिकडून उत्तर यायचं, "कोणाला बोलून राहिली? नाव घे म्हंजे कळंल."

"मला लाज वाटती," मी म्हणायची.

"इथं तुरीबिगर कोण हाय ऐकायला? एकडाव मार ना नावानं हाक."

मग मी ढेकूळ उचलून त्यांच्या दिशेनं फेकायची आणि ते हसत हसत यायचे. दहावी झालेली बाई मी, पण नवऱ्याचं नाव तोंडातून सरळ काढणं म्हणजे चारचौघांत पदर खाली पडल्यासारखं वाटायचं. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. लग्नात माप ओलांडताना एक घेतला होता, तोच पुढं बारशाला, हळदीकुंकवाला कामाला यायचा. बायका वैतागायच्या, म्हणायच्या, "दुसरा शिक की गं." मी काही शिकले नाही.

पुढं ह्यांना कावीळ झाली. नांदेडला नेलं, पण ते परत आले नाहीत.

बंदूक ठाण्यात जमा झाली. वारसाच्या नावावर परवाना करून घ्यायचा म्हटलं तर धाकट्या दिरावर बांधाच्या भांडणाची केस होती आणि सासऱ्यांना डोळ्यानं दिसत नव्हतं. मग राहिले मी. "नावापुरतंच हाय वैनी, बाकी सगळं मी बघतो," दीर म्हणाले. हिंगोलीच्या स्टुडिओत माझा फोटो काढला. फोटोवाला मला म्हणाला, "बाई, वर बघा जरा." त्या दिवसांत मी वर बघतच नव्हते. वर्षभर खेटे घातल्यावर परवाना हातात आला.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. निवडणूक लागली की सगळ्यांनी आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या असा नियम. आम्हीही केली. आचारसंहिता डुकरांना लागू नव्हती, त्यांनी तेवढ्यात अर्धा भुईमूग उकरून टाकला. निवडणूक उरकल्याबरोबर मी आणि दीर बंदूक सोडवायला गेलो. परवानाधारकानं स्वतः जावं लागतं, म्हणून मी. नाहीतर मला कोण नेणार होतं?

परतताना कनेरगाव नाक्याची जीप मिळाली. बंदूक चादरीत गुंडाळून दीर पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मीच म्हटलं होतं, "भाऊजी, तुमीच धरा. बाईच्या हातात बरं दिसत न्हाई." मी मागं, बायकांच्या गर्दीत, भाजीच्या पिशवीत परवाना घालून. माझ्या शेजारी एक मेंढरंवाली म्हातारी मांडीवर कोकरू घेऊन बसली होती आणि ते कोकरू सारखं माझा पदर चघळत होतं.

नाक्यावर नाकाबंदी होती. ढाब्यासमोर जीप थांबवली. हवालदार बोलण्यावरून आमच्या भागातला वाटत नव्हता. त्यानं पुढं वाकून बघितलं आणि चादर उघडायला लावली.

"बंदूक कुणाची?"

"आमचीच हाय साहेब. घरची."

"घराच्या नावावर परवाना नसतो. कुणाच्या नावावर आहे?"

"वैनीच्या," दीर एवढ्या हळू म्हणाले की हवालदारानं दोनदा विचारलं.

मी उतरले. गर्दीतून वाट काढताना माझे कान तापले होते. परवाना दिला. त्यानं बंदुकीवरचा नंबर ताडून पाहिला, तो बराबर होता. फोटो पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. फोटोतली बाई वाळून कोळ झालेली होती, मी तोवर जरा माणसात आले होते.

"फोटो तुमचाच?"

"व्हय."

"पूर्ण नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं. मग थांबले आणि आडनाव सांगितलं.

"मधलं?"

मधलं म्हणजे ह्यांचं. दीर मदतीला धावले, त्यांनी भावाचं नाव सांगितलं. हवालदार त्यांच्यावरच उखडला. "तुम्हाला नाही विचारलं. परवाना यांचा असेल तर यांना स्वतःचं नाव माहीत असणारच."

मी खाली बघत उभी. जीपमधली सगळी माणसं माना लांब करून बघत होती. ढाब्यावरचा माणूस हातातली किटली तशीच धरून थांबला होता.

"हे बघा बाई," हवालदार म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, हे खरं. "हत्यार असलेल्या माणसाला परवाना दाखव, नाव सांग, असं म्हणायचा मला अधिकार आहे. तुमचा परवाना ठीक आहे. पण नाव लपवाल तर बंदूक ठेवून घ्यावी लागेल आणि तुम्हालाही ठाण्यात यावं लागेल."

वर्षभराच्या खेट्यांनी मिळालेली बंदूक गेली म्हणजे उरलेला भुईमूग गेला, पुढं तूरही गेली. त्यातून विधवा बाईला बंदुकीसकट ठाण्यात नेलं, ही बातमी आमच्या आधी गावात पोचली असती. दीर खेकसले, "बोला ना वैनी! काहून तोंड शिवून घेतलं?" आणि असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली, ढाब्याच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. भावाचं नाव भावजयीच्या तोंडून ऐकायला नको म्हणून. मला बोला म्हणत होते आणि स्वतःला ऐकवत नव्हतं.

तेवढ्यात मागून मेंढरंवाली म्हातारी ओरडली, "आरं साहेबा, मालकाचं नाव सरळ कशी घील ती? घे माय, लग्नातल्यावानी उखाण्यात घे. काय व्हत न्हाई."

जीपमध्ये हशा पिकला. हवालदारालाही हसू आलं. "घ्या, कसंही घ्या," तो म्हणाला.

आणि मी घेतला. भर रस्त्यात, ट्रक शेजारून जात असताना, पदर दोन्ही हातांनी गच्च धरून. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"औंढ्याच्या वाटेवर बेलाचं पान,"

पुढं नाव घेतलं, त्याला राव लावलं आणि संपवलं, "नाव घेते, राखते सर्वांचा मान."

जीपमधून टाळ्या पडल्या. कुणीतरी "वा रे वा, मालकाला बी सांगा घरी जाऊन" असं म्हणालं. म्हातारीचं लक्ष तेवढ्यात माझ्या कपाळाकडं गेलं असावं. "गप बसा रे मुडद्यांनो," ती म्हणाली, आणि टाळ्या एकदम थांबल्या. त्या थांबल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसत होते तेवढं बरं होतं.

हवालदारानंही माझ्याकडं नीट पाहिलं आणि परवान्याची घडी घालत बसला. मग बंदूक उचलून माझ्याकडं दिली. "ज्याच्या नावावर, त्यानं सांभाळावी," एवढंच म्हणाला. मी ती घेतली आणि मागं जाऊन बसले. म्हातारीनं कोकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि मला जागा करून दिली.

गावात ही गोष्ट पसरायची ती पसरलीच. पुढं कितीतरी दिवस पोरंसोरं मला पाहून "औंढ्याच्या वाटेवर" म्हणत पळायची. दीर घरात चिडून म्हणाले, "वैनीनं इज्जत घालवली." सासरे बाजेवर पडून होते. त्यांनी फक्त विचारलं, "घेतलं का नाव?" मी हो म्हटलं. ते कुशीवर वळले.

नंतर परवान्याच्या नूतनीकरणाला हिंगोलीला गेले तेव्हा एका वकिलाला मी सगळं विचारलं. ते म्हणाले, "परवाना दाखवणं आणि नाव सांगणं, एवढं तुमच्यावर बंधन. परवाना बराबर असेल तर बंदूक कोणी उगाच ठेवून घेऊ शकत नाही, आणि घेतलीच तर पावती मागायची. आणि बाई, तोंडानं होत नव्हतं तर लिहून द्यायचं होतं ना. लिहिता येतं ना तुम्हाला?"

लिहिता येत होतं. भाजीच्या पिशवीत पेनसुद्धा होतं, ठाण्यात सही करायला म्हणून नेलेलं. सुचलं नाही. त्या वकिलासमोर बसल्या बसल्या मला पुन्हा एकदा नाक्यावर उभं केल्यासारखं झालं.

पण ती लाज आता बरीच झिजली आहे. हवालदारानं विचारलं, मी सांगितलं, बंदूक वाचली, तूर वाचली. पोरंसोरंही मोठी होऊन नोकऱ्यांना लागली. जी झिजत नाही ती लाज वेगळी आहे. बंदूक जाईल म्हणून मी ज्यांचं नाव परक्या माणसांत, ट्रकच्या आवाजात मोठ्यानं घेतलं, ते स्वतः धुऱ्यावर उभे राहून तेवढंच मागत होते. तिथं ना पोलीस होता, ना सासू, ना गाव. नुसती तूर होती. आणि मी ढेकळं फेकत होते.

मागच्या हंगामात एकदा शेतात एकटीच होते. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं, धुऱ्यावर उभी राहिले आणि हाक मारायला तोंड उघडलं. तोंडातून आलं, "अवं, ऐकलं का?"

आज एवढं सगळं लिहिलं. लिहून देता येतं, असं वकील म्हणाले होते. मघापासून नावाची जागा आली की पेन थांबतंय, मी "हे" लिहून पुढं जातेय.