थुंकी तिची, चूक माझी

लूमच्या खोलीत बातमी कानानं ऐकू येत नाही. आवाजच एवढा की कोणी पुढ्यात येऊन लूम बंद करतो तेव्हा समजायचं, काहीतरी झालंय. त्या दुपारी शेजारच्या मालतीवहिनी पायात चप्पल न घालता कारखान्यात आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझं लूम बंद केलं. काही विचारावं लागलं नाही. घरी पोचलो तर यमुना भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात अर्धी निवडलेली मेथी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पाच मिनिटांत संपलं असेल. बेचाळीस वर्षांचा संसार आणि पाच मिनिटं... याला आता दीड महिना झाला.

मी सातवी नापास माणूस. लिहायची सवय नाही, गोड बोलायची त्याहून नाही. भेटायला आलेले सगळे म्हणाले, यमुनाबाई चांगली होती हो. मी मान हलवत राहिलो. जे सांगायचं होतं ते त्यांच्यापुढं तोंडातून निघालं नाही, म्हणून आता पेन धरलंय. चार वर्षांपूर्वी माझी चूक मी तिच्या नावावर ढकलली. ती होती तोवर परत घेतली नाही. ती परत घ्यायला हे लिहितोय, बाकी काही नाही.

यमुना वज्रेश्वरीच्या पलीकडच्या गावातली, भातशेती करणाऱ्यांच्या घरातली. लग्न होऊन भिवंडीत आली आणि वर्षभरात आमच्याच कारखान्यात कांड्या भरायला लागली. कांडी म्हणजे धोट्यात, लूमवर इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी होडीत, घालतात ती सुताची गुंडाळी. मी जॉबर, लूम बिघडलं की दुरुस्त करणारा. पण तुटलेला धागा जोडण्यात तिचा हात धरणारा आमच्याकडं कोणी नव्हता, मीसुद्धा नाही. दोन टोकं चिमटीत घ्यायची, बोट जिभेला लावायचं, ओल्या बोटानं एक पीळ द्यायचा, की गाठ बसली. आम्ही सगळेच थुंकी लावतो. सूत वळवळतं, कोरड्या बोटाला ऐकत नाही. तिची गाठ मात्र अशी की नखानं चाचपलं तरी सापडायची नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या शेठकडं पुण्याहून एक मॅडम आल्या. केतकी त्यांचं नाव, पस्तिशीच्या असतील. अंतराळात जाणाऱ्या यानावर संशोधन करणाऱ्या एका ठिकाणी इंजिनिअर. त्यांना एक नळी विणून हवी होती, कापडाची, पण शिवण नसलेली. नव्या मशीनमध्ये धोटाच नसतो, धागा कडेला कापला जातो. आमच्या जुन्या लूमचा धोटा जाताना वरचा थर विणतो आणि येताना खालचा, म्हणून कडा आपोआप बंद होतात. ज्या लूमना सगळे भंगार म्हणत होते त्यांच्यासाठी ही बाई पुण्याहून आली होती. मॅडमनी समजावलं की यान परत पृथ्वीकडं येताना हवेला घासून भट्टीसारखं तापतं, आणि त्याच्या दाराच्या फटीतून ती आग आत शिरू नये म्हणून ही नळी फटीत दाबून बसवायची. आम्ही पुरुष नुसते माना हलवत होतो. यमुना मागून म्हणाली, "म्हंजी कुकरची रिंग."

मॅडम वळल्या. "हो काकू, अगदी तीच."

त्या दिवसापासून कारखान्यात तिची मस्करी सुरू झाली. लूम चालवणारा रफीक म्हणायचा, भाभी, आपकी कांडी तो चाँद पे जाएगी. ती म्हणायची, जाएगी तो जाएगी, तुम तो कल्याण भी टाइम पे नहीं पहुँचते.

धागा होता सिलिकाचा. काचेसारखा पांढरा, चकाकणारा, आणि रुसक्या माणसासारखा, जरा ताण आला की तुटणारा. मॅडमनी बजावलं होतं, धाग्याला उघडा हात लावायचा नाही. पातळ रबरी हातमोज्यांचं खोकं देऊन गेल्या. यमुनेनं इमानदारीनं हातमोजे घातले. पण धागे सारखे तुटत होते आणि मोजे घातलेल्या बोटांत टोकं निसटत होती. एकेका गाठीला दहा-दहा मिनिटं. त्या दिवशी नळी उतरवून द्यायचीच, असं मी शेठना सांगून बसलो होतो. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, काढ ती ढोंगं. ती म्हणाली, "अवो, मॅडमनी नको सांगितलंय." मी म्हणालो, मॅडमला गाठ मारता येते का? तिनं हातमोजे काढले, घडी करून कमरेला खोचले, आणि बोट सवयीनं जिभेला गेलं. मी समोरच उभा होतो, पाहत होतो. संध्याकाळच्या आत नळी उतरली.

तीन आठवड्यांनी मॅडम परत आल्या. प्लास्टिकच्या डबीत नळीचा तुकडा होता. त्यांच्याकडच्या भट्टीत नळी तापवली, तर बाकी सगळी तशीच राहिली, पण जिथं जिथं गाठ होती तिथं पिठासारखे पांढरे ठिपके पडले होते. मॅडमनी बोट लावलं तर पापडासारखा चुरा झाला. म्हणाल्या, थुंकीत, घामात क्षार असतो, आणि एवढ्या तापात तेवढा क्षार या धाग्याला पुरतो, धाग्याचे खडे बनतात आणि ताकद जाते. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "हात कोणाचा लागला?"

शेठ उभे होते, रफीक उभा होता. यमुना चहाचा ट्रे घेऊन दारात. मी म्हणालो, "मॅडम, अडाणी बाई हाय. हजारदा सांगितलं, तिची सवय जात न्हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कोणी ओळखीचा आहे का ते बघावं, तसं... मग ट्रे खाली ठेवला. "माझीच थुंकी हाय, मॅडम. सवयीनं लागली."

पुढच्या नळ्यांना शेठनी तिला हात लावू दिला नाही. ती लांबच्या कोपऱ्यात साध्या सुताच्या कांड्या भरत बसली. गाठी मी मारायच्या, आणि त्या मोज्यांतून मला जमेनात. एक दिवस घरी तिनं क्रोशाची सुई घेतली, हातमोजे चढवले, आणि आकड्यानं टोक ओढून गाठ कशी बसते ते मला दाखवलं. दोनदा दाखवलं. मी ती सुई कारखान्यात नेली. नळ्या भट्टीत टिकल्या. मॅडमच्या संस्थेचं आभाराचं पत्र आलं, त्यात माझं नाव आणि 'क्रोशाच्या सुईची कल्पक पद्धत'. शेठनी शाल घातली. रफीकनं टाळ्या वाजवल्या, तिनंपण वाजवल्या. ती सुई कोणाची, हे तेव्हासुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

बोलायचं ठरवलं नव्हतं असं नाही. आज सांगू, उद्या सांगू. मग वाटलं, ती विसरली असेल. नवऱ्यांना तसं वाटणं सोयीचं असतं.

ती गेल्याला महिना झाल्यावर मी मॅडमना फोन लावला. यमुना गेल्याचं सांगितलं, आणि मग एका दमात बाकीचं. मोजे मी काढायला लावले. ती नको म्हणत होती. सुई तिची.

मग मॅडम म्हणाल्या, "काका, मोज्यांचं मला माहीत आहे. मी डबी घेऊन आले होते ना, काकूंनी त्याच संध्याकाळी फोन केला होता."

मी विचारलं, काय म्हणाली? तर यमुना म्हणाली होती, "उद्या आमचं माणूस येईल तुमच्याकडं, मोजे त्यांनीच काढायला लावले, हे सांगायला. त्यांना रागावू नका. लूमवर राहू द्या त्यांना, दुसरं काय येत न्हाय त्यांना." मॅडमनी दोन दिवस वाट पाहिली. नवरा-बायकोतली गोष्ट आहे, म्हणून मग त्यांनीही विषय काढला नाही.

म्हणजे तिनं मला वाचवलं, हे मला इतकं लागत नाही. तिला खात्री होती की मी उद्या बोलेन, ते लागतं. बेचाळीस वर्षं माझी प्रत्येक खोड तिनं अचूक ओळखली, आणि एवढ्या एका ठिकाणी माणूस ओळखायला चुकली. 'उद्या' म्हणाली ती. तो उद्या उजाडला, त्याच्यावर चार वर्षं गेली, ती रोज माझ्यासमोर जेवायला बसत होती...

शिफ्ट सुटल्यावर आजही जिन्याच्या खालच्या पायरीवर मी मोठ्यानं खाकरतो. तेवढ्यावर ती तवा ठेवायची, वर पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. सवय आहे, जात नाही. खाकरतो आणि चढायला लागतो, आणि चढता चढता शब्द जुळवतो. शेवटच्या पायरीपर्यंत सगळं तोंडात येतं. मग खिशातून किल्ली काढतो.