नेटची बारी

आमच्या घरातलं इंटरनेट बाबांच्या दिवाणाशेजारी राहतं. समोरच्या खोलीत टीव्हीखाली एक पांढरा राउटर, त्याला लागून वायरी खोचायचा एक चपटा डबा, आणि त्या डब्यातून निघालेल्या तीन वायरी. एक दादाच्या टेबलाकडे जाते, एक वहिनीच्या, आणि एक जिन्यावरून माझ्या गच्चीवरच्या खोलीत. वायफाय आहे म्हणा, पण ते जिन्याच्या वळणावरच दम तोडतं. अमरावतीचं हे घर बाबांनी स्वतः समोर उभं राहून बांधून घेतलं आहे, तेव्हा त्याच्या भिंतींतून काही आरपार जाईल अशी अपेक्षाच ठेवू नये.

मी पुण्याहून कायमची परत आले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा, एक कॉम्प्युटर आणि एक भीती होती. लग्न मोडलं होतं, नोकरी तेवढी टिकली होती; साहेबांनी घरून काम करायची मुभा दिली. भीती ही, की या घरात आता मी कोण? ज्या घराच्या मोरीत पाय घसरून आपला दात पडला, त्याच घरात आपल्याला असा प्रश्न पडेल, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तोवर घरात दोन कॉम्प्युटर होते. दादा लोकांच्या घरांचे नकाशे काढतो. वहिनी अकोल्याची, दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. माझा तिसरा कॉम्प्युटर लागला आणि त्या स्वस्तातल्या कनेक्शनने मान टाकली. दादाचा भलामोठा नकाशा जायला निघाला की तिकडे मुलांच्या स्क्रीनवर वहिनी तोंड उघडं ठेवून थिजायची. मग जेवताना त्या दोघांची जुंपायची. कॉम्प्युटरवाली तिसरी मी. माझ्याशी कोणीच भांडत नसे.

शेवटी बाबांनी कारभार हातात घेतला.

बाबांचा जन्म गेला मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत. गुडघे गेले, तेव्हा बाग मक्त्याने देऊन ते कायमचे इथे आले आणि दिवाणावर बसून राहिले. तिकडे आमची विहीर सामाईक होती, बाबांची आणि त्यांच्या दोन चुलतभावांची. एका दिवशी एकाची बारी. ज्याची बारी त्याने फावडं घेऊन पाणी आपल्या बागेकडे वळवायचं, आणि बारी संपली की दुसऱ्याने काही न विचारता पाटाचा दांड फोडून पाणी आपल्याकडे घ्यायचं. कोणी आजारी पडला तरी त्याच्या बारीचं पाणी दुसरा घेत नसे. तेच त्यांनी इथे लावलं. सकाळ आणि संध्याकाळ वहिनीची, दुपार दादाची. ज्याची बारी त्याची वायर डब्यात, दुसऱ्याची बाहेर. सगळ्या वायरी दिसायला सारख्या, म्हणून बागेतल्या झाडांना खुणेसाठी बांधायचे तशा त्यांनी वायरींना चिंध्या बांधल्या. दादाची चौकड्याच्या शर्टाची, वहिनीची हिरव्या साडीच्या काठाची.

"अन् माही?" मी विचारलं.

"तुले काय बारी लागते, बाई? तू केव्हाही घे. तुले कोण अडवते?"

माझी वायर तेवढी बिनचिंधीची, कायमची डब्यात.

ऐकणाऱ्याला हे लाड वाटतील. मला ते टोचलं, आणि का टोचलं ते सांगते. शाळेच्या सगळ्या सुट्ट्यांत मी त्याच विहिरीच्या काठावर वाढले आहे. तिथं केव्हाही पाणी कोण पीत असे, मला ठाऊक आहे. वाटसरू, पाहुणे, आणि दुसऱ्याची गुरं. बारी फक्त हिश्शावाल्याला असते.

बाबांचा कारभार जोरात चालला. फक्त दुपारी जेवणं झाली की नेट पार मरायचं आणि चहाच्या वेळेला पुन्हा जिवंत व्हायचं. दादाने कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करकरून तिथल्या मुलीशी जवळजवळ घरोबा केला. मी कंपनीला शिव्या दिल्या, वहिनीने माकडांना दिल्या, कारण माकडं खांबावरच्या वायरी ओढतात. मग एका दुपारी दादा पाणी प्यायला उठला, तर बाबा राउटरचं बटण बंद करून त्यावर पंचा घालत होते.

"बाबा, काय करून राह्यले तुमी?"

"सकाळपासून उपसा चालू हाये. झिरा भरू दे जरा."

दादा कपाळाला हात लावून खालीच बसला. नेट विहिरीच्या झऱ्यासारखं झिरपत नाही, ते कुठं साचत नाही, असं त्याने अर्धा तास समजावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग चहाच्या टायमाले कसं जोरात येते, सांग." आता पंचाईत अशी की खरंच जोरात यायचं. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की काही काळ बरा चालतो, हे तर लाइनमनही सांगून गेला होता. तेव्हा दुपारचा झिरा कायम झाला, फक्त थोडा आखडता. मी त्या दिवशी पोट धरून हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

पण वर खोलीत गेले की पुन्हा तेच. वहिनीचा वर्ग ऐन भरात असताना माझी मीटिंग लागली आणि तिची मुलं गळायला लागली, तर ती काय करी? जिन्याखालून हळूच विचारी, "ताई, तुमचं झालं का? नाही, नाही, तुमी करून घ्या." तोच दादा असता तर त्याची वायर काढून त्याच्या हातात दिली असती तिने. माझ्या ताटात भाकरी आधी पडायची, गरम पडायची. मी माणुसकीला नावं ठेवत नाही. पण आपल्याच घरात सगळे आपल्याशी इतक्या जपून वागायला लागले की रडू येतं, आणि कोणाला सांगावं तर तेही जपूनच ऐकून घेतील.

म्हणून मी ठरवलं की माझ्या खोलीत माझं वेगळं कनेक्शन घ्यायचं. कोणाचं घेणं नको, कोणाला अडचण नको. ज्या दिवशी कंपनीचा माणूस खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन आला, त्या दिवशी बाबांनी त्याला दारातच विचारलं, "कोणाच्या इथं?" तो म्हणाला, "वरच्या खोलीत." बाबांनी त्याला पाणी दिलं आणि उद्या ये म्हणून परत पाठवलं.

मग ते जिना चढले. मी आल्यापासून ते कधी वर आले नव्हते. त्यांच्या गुडघ्यांना तो जिना झेपत नाही. कठडा धरून, मध्ये थांबून, ते आले आणि माझ्या पलंगावर बसले.

"वेगळी लाइन कावून घेऊन राह्यली?"

"तुमाले त्रास नको म्हणून."

"तुया चुलत काकानं असंच म्हटलं होतं. वेगळी इहीर खंदली, अन् मंग बोलणंच सुटलं आमचं." ते दम घ्यायला थांबले. "कोणी काही म्हटलं का तुले?"

"कोणीच काही म्हणत नाही ना, बाबा. दादाले बारी हाये, वहिनीले बारी हाये. मले म्हणता, केव्हाही घे. इहिरीवर केव्हाही पाणी कोण पेते? पाहुणा पेते."

बाबा गुडघा चोळत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील.

"तिकडं तुले लय बंधनं होती म्हणे," ते म्हणाले. "तुया मायनं सांगतलं. कुठं जाऊन राह्यली, केव्हा येशील, सारं इचारून. म्हटलं, इथं तरी माया पोरीले कोणी टाइम सांगू नये." आणि मग, "मले नाही समजलं, बाई."

माझा राग त्या क्षणी वितळला असं मी म्हणणार नाही; मी तेवढी चांगली नाही. पण माझ्यासाठी हा माणूस आपला नियम मोडून बसला होता, आणि नियम हीच त्याची माया आहे हे मी, त्याची मुलगी असून, विसरले होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा गुडघा चोळून दिला.

"उठ," ते म्हणाले. "तुया कपड्याची चिंधी दे."

कपाटात जुनं काही नव्हतं. जुनं सगळं पुण्यालाच टाकून आले होते. मी अंगावरच्या ओढणीला कात्री लावली. खाली आई म्हणाली, "चांगल्या ओढणीची चिंधी केली व तू," आणि दिवसभर तेच घोकत बसली. बाबांनी पिवळी चिंधी माझ्या वायरीला दोन गाठी मारून बांधली. बारी मिळाली ती झिऱ्यानंतरची, चहापासून वहिनीच्या संध्याकाळच्या वर्गापर्यंत. साहेबांची बोलणी खाऊन मी सगळ्या मीटिंगा तिथं आणल्या.

पहिल्याच आठवड्यात एक मीटिंग लांबली. खालून वहिनीचा आवाज आला.

"ताई, बारी सपली तुमची. सोडा आता."

"पाचच मिनिटं!"

"काल बी पाचच मिनिटं होते तुमचे. माही पोरं ताटकळून राह्यली तिकडे."

हा आवाज मला ओळखीचा होता. दादासाठीचा आवाज. माझ्या वाट्याला तो आजवर आला नव्हता. पुण्याहून साहेब काहीतरी विचारत होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि साहेब अर्ध्या शब्दावर थिजले. बाबांनी माझी वायर काढली होती.

थिजलेल्या साहेबांकडे पाहत मी थोडा वेळ रडले. मग तोंड धुतलं आणि वहिनीशी भांडायला खाली गेले.