रिसीव्हरवरचा शिरा

साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास आला की मला आजही मळमळतं. बायको म्हणते, प्रसादाबद्दल असं बोलू नये. मी म्हणतो, तू खा.

गिरगाव सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीत राहायला आलो, तेव्हा सगळं सामान टेम्पोत गेलं. एकच वस्तू दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टॅक्सीत मांडीवर घेतली. जुना स्टिरिओ रिसीव्हर. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच लाकडी पेटीत, मामाने दुबईहून आणलेला. मला खरं तर त्या धुडाची लाज वाटायची. मग काचबिंदूने दादांची नजर गेली आणि ते धूड काय चीज आहे ते मला कळलं. स्टेशन लावायचा नॉब चांगला जड, हलकेच फिरवला की हातात भरायचा. आवाजाच्या नॉबला खाचा होत्या. बातम्यांना सहा, गाण्यांना नऊ, दादा बोटांनी मोजायचे. आवाजही कसा, तबल्यावर बोट पडलं की बोटच पडल्यासारखं वाटायचं, उगाच छातीवर धडधड नाही. लोडशेडिंगनंतर वीज आली की तो आपला आपण परत गायला लागायचा. आम्ही दोघं नोकरीवर, दादा दिवसभर एकटे, पण त्यांना कुणाचं तोंड बघावं लागत नव्हतं.

आमच्या सोसायटीत झेंडावंदन आणि सत्यनारायण सव्वीस जानेवारीला एका दिवसात उरकतात. त्या वर्षी सकाळीच मांडववाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. सगळे कमरेवर हात ठेवून उभे. आणि मी म्हणालो, "आमच्याकडे आहे ना!" कुणी मागितला नव्हता हो. मलाच मिरवायची हौस.

रिसीव्हर न्यायला मी घरी आलो. दादा म्हणाले, "ने. पण वर काही ठेवू देऊ नकोस. वरच्या फटींतून तो श्वास घेतो."

मांडववाल्याने त्याला चार मोठे स्पीकर जोडले, वर गच्चीवरचे दोन कर्णेही. मी म्हटलं, एवढं झेपेल का? "साब, पुराना माल है, खींच लेगा." सेक्रेटरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कुछ नहीं होगा, भाई!" तेवढ्यात कुणीतरी "काय आवाज आहे राव!" म्हणालं आणि माझी छाती फुगली. मूर्ख कुठला!

दुपारी महिला मंडळाचा शिरा आला. एका काकूंनी रिसीव्हरला हात लावला. "अगंबाई, हे तर छान गरम आहे! पातेलं इथेच ठेवा, शिरा गार व्हायचा नाही." आणि ठेवलं की! दहा किलो शिऱ्याचं पातेलं, बरोबर त्या फटींवर. मी तिथेच उभा होतो. दादांचं वाक्य कानात होतं. पण प्रसादाचं पातेलं खाली उतरवा असं चारचौघांत म्हणायचं कसं? म्हणून मी काय केलं, तर द्रोण घेऊन रांगेत उभा राहिलो. दोनदा घेतला. मस्त गरम होता. शी!

आरतीला आवाज पूर्ण चढवला आणि फट्ट झालं. जळकट वास आला, त्यात तुपाचा वास मिसळलेला. मांडववाल्याने पेटीला दोन चापट्या मारल्या. "चला, टाळ्यांवर म्हणा," सेक्रेटरी म्हणाले, आणि आरती पुढे सुरू. पेटीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुन्हा शिऱ्याची रांग लागली, बोटं चाटणं चालू. त्या माणसांची मला किळस आली, आणि माझ्याही बोटांना तूप होतंच.

लिफ्टमध्ये मी रुमालाने पेटी खसाखसा पुसली. घरी दादांनी वरून हात फिरवला. बोटं फटींपाशी थांबली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"शिरा?"

मी रुमाल खिशात कोंबला.

"तू तिथे होतास ना?"

"होतो."

त्यांनी लेंग्याला बोटं पुसली. बस्स, एवढंच.

नवघरच्या दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली. आत थिजलेलं तूप, बेदाणे आणि मुंग्यांची रांग. "ट्रान्सफॉर्मर जळालाय साहेब, असला आता मिळत नाही."

मग मी चकचकीत होम थिएटर आणलं. पाच टीचभर डबे, कोपऱ्यात धडधडणारा एक ढोल आणि सगळी बटणं सारखी असलेला रिमोट. बायकोने चालू-बंदच्या बटणावर टिकली चिकटवली. तरी पुढची बटणं दादांना सापडेनात. दोन दिवस झटून त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. ऑफिसला निघताना मी रेडिओ लावून जायचो, पण वीज जाऊन आली की तो डबा मेल्यासारखा पडून राहायचा.

संध्याकाळी दार उघडलं की दादा त्याच्यासमोर मुकाट बसलेले असायचे.

"आलास? दमला असशील," ते म्हणायचे. पूर्वी त्यांच्या तोंडी कधीच नसलेला अजिजीचा सूर आता असायचा. "आधी चहा घे. मग जमलं तर जरा लावून दे."