राऊंडच्या आधी फेकलेलं गॉज

रक्तानं भिजलेलं गॉज मी बादलीत फेकलं, वर पांढरंशुभ्र ड्रेसिंग केलं आणि सर्जन साहेबांच्या राऊंडची शाबासकीच्या आशेनं वाट बघत उभी राहिले. तेव्हा माझ्या टोपीला कडक स्टार्च असायचा. टोपीखालचा ऐवज मात्र मऊ होता.

मी नायगावची, लातूरला नर्स म्हणून नवीन. जिल्हाही नवाच. पाट्या ताज्या रंगवलेल्या, नळ कोरडे. दुष्काळ असा, की टँकरचं पाणी आधी ऑपरेशन थिएटरला. उरलं तर धुण्याला. म्हणून डागाळलेली चादर बदलता येईना, ती मी उलटी करून घातली. हुशारीच म्हणायची!

पेशंट रेणापूरचे बसवंतअप्पा. बैलानं पोटात शिंग खुपसलेलं. स्वादुपिंड, म्हणजे जठरामागची आडवी ग्रंथी, फाटली होती. साहेबांनी तिचा फाटका भाग काढून पोटात रबरी नळी ठेवली. ही ग्रंथी अन्न पचवणारा रस करते. तो पोटात सांडला, तर आपलंच मांस पचवायला लागतो. नळीवाटे काय येतं, ते गॉजवर दिसतं. त्यासाठीच ते असतं. मला वाटायचं, ते स्वच्छ दिसण्यासाठी असतं.

साहेब आले. "वा, ड्रेसिंग छान. रात्र कशी गेली?"

अप्पांच्या बायको, महादेवीबाई, म्हणाल्या, "रात बरी गेली. सकाळी पट्टी लाल झालती. ह्या बाईनं बदलली, चादर बी उलटी घातली."

साहेबांनी चादरीचा कोपरा उचलला. "सिस्टर, ते गॉज कुठंय?"

"बादलीत, सर. रक्त थोडंच होतं. थांबलं पण."

"आणा."

अख्ख्या वॉर्डासमोर मी बादलीत हात घालून गॉज शोधलं. साहेबांनी ते कागदावर पसरलं. "पल्स?"

"वाढलीय सर. उकाडा आहे ना..."

"उकाडा तुम्हालाही आहे. तुमची वाढलीय का?"

तेव्हा नव्हती. त्यानंतर वाढली.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "हा रस रक्तवाहिनी कुरतडतो. आधी थोडं रक्त येतं, थांबतं. तेवढीच सूचना. मग धो धो. थिएटर लावा. यांच्या भावांना रक्त द्यायला पाठवा."

महादेवीबाईंनी मला विचारलं, "परत फाडणार? वाचतील ना?" मी स्ट्रेचर आणायला पळाले. त्यांनी अप्पांचा हात धरला, तो थेट थिएटरच्या दारापर्यंत.

टेबलावर घेतलं आणि नळीतून रक्ताचा लोंढाच आला. वॉर्डात आला असता तर जिना उतरेपर्यंत सगळं संपलं असतं. साहेबांनी पोट उघडलं. बांधलेल्या रक्तवाहिनीचं तोंड रसानं खाल्लं होतं. ती पुन्हा बांधली. अप्पा वाचले, पण बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिले.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात भिजलेलं गॉज राऊंड होईस्तोवर खाटेशेजारी ट्रेमध्ये राहिलं. दिसायला ओंगळ, माशाही यायच्या. स्वच्छ वॉर्डाचं बक्षीस मला नोकरीभर मिळालं नाही.

अप्पा पेज प्यायला लागले, तेव्हा मी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेले आणि महादेवीबाईंची माफी मागितली. त्यांनी मला शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "राग न्हाई बाई तुमचा. तुमी आमाला लेकीवानी. पण ह्यांची पट्टी त्या दुसऱ्या शिस्टरला करू द्या."